शिवण सुटलेली पोथी

बाइंडरकडे माझ्या आधी एक कॉलेजातली मुलगी उभी होती. हातात शिवण सुटलेली पोथी.

"आजीची का गं?" बाइंडरकाकांनी विचारलं.

"नाही काका, माझीच. वाचून वाचून सुटली."

काकांनी पानं चाळली. ओव्यांशेजारी पेन्सिलीची प्रश्नचिन्हं, एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. आजकालची मुलं असलं काही वाचत नाहीत, असं परवाच मी ठणकावून सांगितलं होतं.

माझ्या पिशवीतही पोथीच होती. पुठ्ठा कसरीनं खाल्लेला, वर हळदकुंकवाचे थर. आतली पानं मात्र कोरी करकरीत. आमच्या घरानं पोथीची पूजा केली. या पोरीनं तिला शेजारी चहाला बसवून प्रश्न विचारले.

"तुमचं काय, साहेब?"

"आधी वाचतो," मी म्हणालो, "मग आणतो."