साडभाऊंचं शेवाळ

गोंदिया जिल्ह्यात माणसांपेक्षा शेवाळावर जास्त जीव लावणारा एकच गृहस्थ जन्माला आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आम्ही दोघं एकमेकांना साडभाऊच म्हणत असू. कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. लग्नाच्या पंगतीतून उठून मांडवामागच्या टाक्यात काय साचलंय ते बघायला जात. सालेकशाला पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलीबद्दल त्यांनी अवाक्षर विचारलं नाही. घरामागच्या बोडीचं, त्या लहानशा तळ्याचं, पाणी कधीपासून हिरवं आहे, एवढंच विचारलं आणि बाटली भरून घेतली. ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, फ्रिजमध्ये अशा बाटल्यांपुढे दुधाच्या पातेल्याला जागा नसे.

त्यांचं म्हणणं असं, की हे बारीक शेवाळ धुरातला कार्बन खातं. राइस मिलमध्ये धानाचं भूस जळतं, तो धूर पाण्यात सोडला की शेवाळ माजेल, त्याचं तेल निघेल, चोथा जनावरांना होईल आणि हवेवरचा भारही उतरेल. हे सगळं ते मला भर बाजारात, भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन समजावत.

या प्रयोगाला वरून मंजुरी कधीच आली नाही. शेवटी ओळखीच्या मिलमालकानं मागच्या आवारात टाकी बांधू दिली. पहिल्यांदा राखेनं नळी बुजली, पुढं मे महिन्याच्या उन्हात शेवाळ शिजलं. तिसऱ्यांदा मात्र पाणी पालकाच्या भाजीसारखं दाटलं. साडभाऊंनी हरखून घरच्या सगळ्या बाटल्याही त्यातच ओतल्या. नागपूरहून दोन संशोधक बघायला येणार, असं ठरलं.

मालक तेव्हा रायपूरला लग्नात होता. पाहुणे येताहेत, सगळं चकाचक ठेवा, असं त्यानं मुनीमजींना फोनवर सांगितलं. मुनीमजींनी टाकी उपसली, ब्लीचिंग पावडरनं घासली आणि नितळ पाणी भरून ठेवलं. संशोधकांनी त्यात डोकावून पाहिलं, चहा घेतला आणि गेले.

"मास्टरजी, बहुत घिसना पड़ा," मुनीमजी कौतुकाच्या आशेनं म्हणाले.

साडभाऊ टाकीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चांगलं घासलं."

त्याच वर्षी ते रिटायर झाले. पुन्हा लावा, असं मी खूपदा सुचवलं. ते नुसती मान हलवत. शेवटची वर्षं मात्र रोज संध्याकाळी मिलच्या आवारात जाऊन बसत. एकदा मीही गेलो. बराच वेळ ते धुराड्याकडे बघत होते.

"केवढा चांगला धूर, साडभाऊ," ते म्हणाले. "वाया जाऊन राहिला."

त्यांच्या तोंडून ऐकलेली ही एवढीच तक्रार. मी खुर्ची जवळ ओढली आणि अंधार पडेपर्यंत त्यांच्यासोबत वर बघत बसलो.