उसनी चाकं

माणूस भला असला की त्याला माफ करून टाकायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मला अण्णांनी शिकवलं. म्हणूनच त्यांच्यावर लिहिताना मी माफी बाजूला ठेवून लिहिणार आहे. वाचाल तसे ते तुमच्याही ओळखीचे निघतील.

अण्णांची हँडब्रेक तपासायची एक पद्धत होती. कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात आमच्या शेडसमोर चांगलाच उतार होता. त्या उतारावर ते आपली गाडी तोंड वर करून उभी करायचे, हँडब्रेक ओढायचे, गिअर काढायचे आणि मागच्या चाकाला पाठ लावून रस्त्यावर आडवे व्हायचे. मग बिडी पेटवायचे. ती संपेपर्यंत उठायचे नाहीत. येणारेजाणारे ओरडायचे, बायका तोंड फिरवायच्या. अण्णा धूर सोडत म्हणायचे, "जिच्याखाली मला झोपवत नाही, तिच्यात दुसऱ्याच्या लेकरानं का बसावं?"

ते मूळचे निपाणीकडचे. कँटोन्मेंटातल्या एका म्हाताऱ्या साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब जाताना गाडी त्यांच्या नावावर करून गेला. गोल पाठीची, काळीभोर, पन्नासच्या दशकातली. अण्णा ती लग्नांना भाड्यानं द्यायचे. भाड्याच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते. आमच्याकडे तिला सगळे नुसतं एफसी म्हणतात. ती गाडी बावीस वर्षांत एकदाही नापास झाली नव्हती. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान गाड्या तपासणीच्या मैदानातून मान खाली घालून परत यायच्या आणि ही म्हातारी अर्ध्या तासात पास. तपासणारा साहेब बॉनेटसुद्धा उघडायचा नाही. "अण्णा, तुमच्या गाडीनं आम्हाला तपासावं," असं म्हणून सही ठोकायचा.

माझे वडील त्याच शेडच्या अर्ध्या भागात गाड्यांच्या सीटा शिवायचे. संपात नोकरी गेल्यावर त्यांनी सुई धरली होती. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी एकोणीस वर्षांची होते आणि कॉलेजातून आले की शेडमध्येच बसून पत्रकं लिहायची. अण्णा मला 'पत्रकवाली' म्हणत. "काय पत्रकवाली, क्रांती कुठवर आली? मेखरी सर्कलच्या गर्दीत अडकली का?" असं रोज विचारत. आणि मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचत. तेवढ्या लक्षपूर्वक मला आजवर कुणी वाचलेलं नाही.

आता त्यांच्या भलेपणाकडे येते. अण्णांना 'नाही' म्हणता येत नव्हतं. त्यांच्या गाडीला होती तशीच चाकं तेव्हा शहरातल्या निम्म्या टॅक्स्यांना चालायची. कुणाची एफसी आली की तो आदल्या दिवशी शेडच्या दारात येऊन डोकं खाजवत उभा राहायचा. अण्णा त्याला पोटभर शिव्या द्यायचे, आणि मग जॅक लावून स्वतःच्या गाडीची चारही चाकं उतरवून त्याच्या गाडीला चढवायचे. हॉर्न, वायपर, मागचे दिवे, जे लागेल ते द्यायचे. दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली की सगळं परत. त्या गाडीला पुन्हा तिचे गोटा झालेले टायर, आणि अण्णांच्या गाडीला तिची चाकं. तोवर अण्णांची गाडी विटांवर बसलेली.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, ही फसवणूक आहे."

"मुलगी दाखवताना शेजारणीच्या बांगड्या घालत नाहीत का? त्याला फसवणूक म्हणतेस?"

"बांगड्या फुटून माणसं मरत नाहीत."

"बरं, मग राजप्पाला तू सांग. चार पोरं आहेत त्याला. सांग की, तुझी गाडी बंद कर म्हणून. जा, सांग."

मी गेले नाही. उलट, मागणारे वाढले आणि एकाच दिवशी दोघे येऊन भांडू लागले तेव्हा अण्णांनी माझ्यापुढे पाटी धरली. "तुझं अक्षर चांगलं आहे. कुणाला कधी, ते लिहून टाक." मी लिहिलं. सोमवारी अमुक, गुरुवारी तमुक. भिंतीवर लावलं. सगळ्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. त्याच आठवड्यात मी यंत्रांना संरक्षक जाळ्या न बसवणाऱ्या कारखानदारांविरुद्ध पत्रक लिहीत होते. भाषा फार जळजळीत होती.

हा राजप्पा आमच्याच गल्लीतला. हेब्बाळच्या बाजूच्या एका शाळेत मुलं न्यायचा. गाडी तशीच गोल पाठीची, पण हाल कुत्रं खाणार नाही असे. अण्णा त्याला चारचौघांत सोलून काढत.

"राजप्पा, ही गाडी आहे की तिरडी रे? चार खांदेकरी पाठवू का बरोबर?"

"अण्णा, स्वल्प अडजस्ट माडी," राजप्पा दात काढत कानडीत म्हणायचा. जरा सांभाळून घ्या, एवढंच त्याचं मागणं असायचं. "पुढच्या महिन्यात नवे टायर टाकतो."

"तुझा पुढचा महिना माझ्या तेराव्याला येईल."

सगळे हसायचे. राजप्पाही हसायचा. मीही हसायचे. माझी नऊ वर्षांची बहीण नंदा त्याच गाडीतून शाळेत जात होती.

अण्णांची नात लक्ष्मीसुद्धा त्याच शाळेत होती. तिला मात्र अण्णा स्वतःच्या गाडीतून सोडायचे. लग्नाची गाडी, मागे एकटी दोन वेण्यांची पोर. आम्हाला गंमत वाटायची. गाडी विटांवर असली की अण्णा तिला बसनं न्यायचे, दोन बस बदलून, दप्तर स्वतःच्या खांद्यावर. राजप्पाची गाडी त्याच वेळी समोरून निघायची. तो ओरडायचा, "अण्णा, जागा आहे! पोरीला बसवा की!" अण्णा हात हलवून म्हणायचे, "सरी, सरी. बरं, उद्या बघू." तो उद्या कधी आला नाही. माझी आई म्हणायची, "बघा, आजोबा असावा तर असा."

त्या वर्षी राजप्पाची एफसी पाटीवर बुधवारी होती. अण्णांच्या चाकांवर गाडी गेली आणि पास होऊन आली. साहेब त्याला म्हणाला म्हणे, "ही चाकं या महिन्यात तिसऱ्यांदा पास होतायत." ही गोष्ट राजप्पानं शेडमध्ये सांगितली तेव्हा अण्णा इतके हसले की त्यांना खोकला आला. गुरुवारी चाकं परत आली.

पुढच्या मंगळवारी हेब्बाळच्या तळ्याकडे उतरताना राजप्पाच्या गाडीचा पुढचा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून झाडावर गेली. राजप्पा जागीच गेला. आत सात मुलं होती. सहा जणांना खरचटलं, टाके पडले. नंदा पुढे, दाराकडेला बसली होती. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

राजप्पाच्या खिशात एफसीचा कागद निघाला, सहा दिवसांचा, कोरा करकरीत. त्या कागदानं सगळ्यांना वाचवलं. गाडी पास होती, तेव्हा दोष कुणाचाच नव्हता. नशिबाचा होता. गल्लीत सगळे तेच म्हणाले, आणि राजप्पाच्या बायकोलाही तेच म्हणावं लागलं, कारण दुसरं काही म्हणायची तिला मुभाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी अण्णा हॉस्पिटलात आले. शहाळं घेऊन. नंदा झोपली होती. पांघरूण एका बाजूला सपाट होतं. ते तिकडे न बघता शहाळं ठेवायला जागा शोधत राहिले. मी त्यांना व्हरांड्यात नेलं.

"अण्णा, लक्ष्मीला तुम्ही त्या गाडीत कधीच का बसवलं नाही?"

त्यांनी शहाळं या हातातून त्या हातात घेतलं. मी परत विचारलं. माझा आवाज चढला होता, एक नर्स थांबून बघायला लागली.

"मला टायर ठाऊक होते ना," अण्णा म्हणाले.

"मग आम्हाला का नाही सांगितलंत? रोज समोरून जायची नंदा! रोज तुम्हाला टाटा करायची!"

"सांगितलं असतं तर राजप्पाचं..." मग माझ्याकडे सरळ बघून हळू आवाजात म्हणाले, "आणि तुला ठाऊक नव्हतं होय गं? पाटी तर तूच लिहायचीस."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

तुम्हाला वाटेल, यानंतर अण्णांनी चाकं देणं बंद केलं असेल. दोन आठवड्यांनी एक टॅक्सीवाला दारात येऊन डोकं खाजवू लागला. अण्णांनी त्याला शिवी दिली नाही, एवढाच फरक. मुकाट्यानं जॅक काढला. बाबा सुई हातात धरून बघत राहिले. मी म्हटलं, "अण्णा, अजूनही?" ते पाना फिरवत म्हणाले, "गेलेला गेला. याच्या पोटाचं काय?"

मी पाटी फोडली. मग पत्रक लिहिलं. त्यात अण्णांचं नाव होतं, राजप्पाचं होतं, माझंही होतं. उसनी चाकं कुठून कुठे जातात, ते सगळं लिहिलं आणि गल्लीत वाटलं. लोकांनी वाचलं, आणि आमच्याशी बोलणं सोडलं. अण्णांशी नाही, आमच्याशी. "इतक्या भल्या माणसावर चिखल उडवते. बहिणीचं दुःख आहे, पण म्हणून काय?" बाबांकडे सीटा शिवायला येईनाशा झाल्या. राजप्पाच्या बायकोनं पत्रक माझ्या तोंडावर फेकलं. "मेलेल्याला तरी सोड," म्हणाली.

एकटे अण्णा आले. पत्रक घडी घालून खिशात ठेवलेलं होतं. ते उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं चुकलंय. मागचा टायर नव्हे, पुढचा डावा. लिहायचं तर खरं लिही." मी दुरुस्त केलं. त्यांनी पुन्हा वाचलं, चष्मा पुसून, शेवटपर्यंत. "आता बरोबर आहे," म्हणाले, आणि निघून गेले. इतक्या प्रामाणिक माणसाचा द्वेष कसा करायचा, हे कोणत्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं. तरीही मी तो शिकले.

ते गेल्या वर्षी वारले. काळी गाडी शेवटच्या महिन्यातही पास झाली होती. मी दर्शनाला गेले तेव्हा अण्णांना दारात ठेवलं होतं आणि शेजारी गाडी उभी होती. माणसं जमत होती. तेवढ्यात एकजण गर्दीच्या कडेनं अण्णांच्या जावयाजवळ आला आणि कुजबुजू लागला. उद्या त्याची एफसी होती. अण्णांनी चाकांचा शब्द दिला होता.

जावई गोंधळला. मी पुढे होऊन म्हटलं, "मिळणार नाहीत."

"अक्का, शाळेची गाडी आहे हो. पोरांची."

"म्हणूनच मिळणार नाहीत."

एक म्हातारी खेकसली, "मढं दारात आहे आणि ही भांडतेय! त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही!" सगळ्यांनी माना हलवल्या. दोघातिघांनी मला हाताला धरून फाटकाबाहेर आणलं. अण्णांना उचललं तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. काळी गाडी विटांवर बसली होती. अण्णांची शेवटची इच्छा म्हणून लोकांनी चाकं काढून द्यायचं काम आधी उरकलं होतं.

मला अण्णा आवडायचे. अजून आवडतात. त्याचा कुणाला काही उपयोग नाही. तुमच्याकडून मला त्यांच्यासाठी हळहळ नको आहे, एक काम हवं आहे. उद्या सकाळी शाळेची गाडी दारात येईल, तेव्हा मुलाचा हात सोडू नका. खाली वाका आणि चारही टायरांवरून तळहात फिरवा. कागद दाखवला तर बघू नका. तळव्याला गुळगुळीत लागलं, तर मूल घरात घ्या. ड्रायव्हर ओळखीचा असेल, गरीब असेल, हात जोडेल, गल्ली तुम्हाला नावं ठेवेल. तरीही मूल घरात घ्या, आणि मग शेजारच्या दारावर जाऊन त्यांचंही मूल उतरवा.