एका बैलाचा जानराव
किन्हीराजा गावात लोक त्याला ‘एका बैलाचा जानराव’ म्हणत. पाठीमागे बरं का! तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? तीन वर्षं बसऱ्याकडे लामावर, म्हणजे इंग्रजांच्या लढाईवर, बंदूक चालवून आलेला गडी तो. लढाई संपली, पलटण मोडली, सरकारनं एक कांबळं हातात देऊन घरी धाडला. येऊन बघतो तर जोडीतला एक बैल मेलेला, वावर गवतानं माजलेलं आणि बायको कस्तुराबाई लोकांच्या वावरात निंदणाला जाऊन जाऊन वाळून गेलेली.

एका बैलानं काही वखर चालत नाही. म्हणून आपल्याकडे सावड करतात. एक बैल तुझा, एक माझा. आज तुझं वावर, उद्या माझं. पण जानरावाशी सावड करायला कोणी तयार होईना. काय तर म्हणे, लामावर हा कोणाच्याही हातचं खाऊनपिऊन बाटला! पंचांनी फर्मावलं, जातीला जेवण घाल, पारावर नाक घास, ‘चुकलो’ म्हण.

“कायले चुकलो?” जानराव उसळला. “पाण्यावाचून जिभा सुजल्या होत्या आमच्या. तुमच्यातला एक तरी आला होता का तिथं?”

वैशाख सरत आला. कस्तुराबाई काकुळतीला येऊन म्हणाली, “म्हणून टाका ना एक बार. यंदाबी वावर पडीक राह्यलं तं खाऊ काय?” तो तिच्यावरच डाफरला, आणि मग स्वतःचाच त्याला संताप आला.

शेवटी तो शेजारच्या बबनरावाच्या दारात गेला. बबनरावाचाही एक बैल औंदा दगावला होता. जोडीदार त्यालाही हवाच होता. पण त्याचा धाकटा भाऊ रूपला जानरावाच्या मागं लागून भरती झाला आणि परत आलाच नाही. तेव्हापासून रूपलाची आई गोमतीबाई जानरावाचं तोंड पाहत नव्हती.

“पयले पारावर जाऊन चुकलो म्हण,” बबनराव म्हणाला. “मंग सावडीचं पाहू.”

जानरावाचं डोकंच फिरलं. “मी चुकलो तं तुहा रूपलाबी चुकला! तापानं फणफणला होता, पाणी पाणी करून राह्यला होता. आमच्याजवळ थेंब नाई. रहिमतखान पठाणानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्या वाटणीचं पाणी पाजलं. ते पिऊन जीव गेला त्याचा. आता सांग, पारावर काय म्हणू? तुहा भाऊ बाटून मेला म्हणू?”

घरातून गोमतीबाई बाहेर आली.

“पाणी भेटलं त्याले?”

“हो काकू.”

“पोटभर?”

खोटं बोलणं सोपं होतं. “दोन घोट,” जानराव म्हणाला.

म्हातारी तरातरा गोठ्यात गेली, बैलाचं दावं सोडून घेऊन आली. “पाहून काय राह्यला? धर!” ती खेकसली. मग पाराकडे तोंड करून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडली, “माह्या लेकाले मरताना ज्यानं पाणी पाजलं, त्याचा इटाळ मी धरत नाई! कोणाले पंचाईत भरवायची असन तं माह्या दारात भरवा!”

जानराव दावं धरून उभाच होता. ती त्याच्याकडे वळली. डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं.

“अन् तू. दोन महिने झाले येऊन, मले सांगतलं नाई. हे मी तुले माफ करनार नाई, जानराव. सकाळी दोन्ही बैल आमच्या वावरात आण. सावड हाय.”