वारा पश्चिमेचा, अंगणात एक कुत्रं

जगातल्या कुठल्याही दारातून सरळ आत न शिरणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो म्हणजे माझ्या साडूंचे वडील. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. तात्यांची सारी नोकरी विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेच्या लहानशा धावपट्टीवर गेली. त्या धावपट्टीला विमानांना हुकूम देणारा टॉवर नव्हता. होती एक पत्र्याची शेड, एक रेडिओ, खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि तात्या. ‘उतरा’, ‘उडा’ असं सांगायचा अधिकार तात्यांना नव्हता. वारा कुठून आहे आणि धावपट्टीवर काय दिसतंय, एवढंच त्यांनी सांगायचं. बाकी ज्या त्या वैमानिकानं आपण कुठे आहोत, काय करणार आहोत हे रेडिओवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, बोलण्याच्या आधी आणि शेवटी जागेचं नाव घेऊन ‘ट्रॅफिक’, म्हणजे ‘आसपासच्या सगळ्यांनो’, अशी हाक द्यायची, डोळे उघडे ठेवून डावीकडे वळत वळत फेरी मारायची आणि मग उतरायचं. निवृत्त होऊन तात्या जव्हारला मुलाकडे राहायला आले तेव्हा रेडिओ आणि पिशवी मागे ठेवावी लागली. बाकी सगळं ते घेऊन आले.

साडूंच्या घरात बाथरूम एकच. सकाळी तिथे धडकाधडकी व्हायची. आता रोज साडेसहाला घोषणा होते, “बाथरूम ट्रॅफिक, तात्या. देवघरापाशी आहे, आंघोळीला येतोय. बाथरूम ट्रॅफिक.” आतून आवाज आला नाही तरी ते दार ढकलत नाहीत. “उत्तर आलं नाही म्हणजे आत कुणी नाही असं धरायचं नसतं,” ते म्हणतात, “एखाद्याचा रेडिओच बंद असतो.” एकदा मी मुक्कामाला होतो आणि तोंडात ब्रश असल्यामुळे माझा रेडिओ बंद होता. तात्यांनी दाराखालच्या फटीतून माझी पावलं पाहून खात्री करून घेतली. तेव्हापासून मी त्या घरी दात घासताना हुंकार देत राहतो.

डाव्या फेरीचं तर विचारूच नका. आमच्याकडे येताना ते आधी घराला वळसा घालतात. स्वयंपाकघराच्या खिडकीखालून टोपी सरकली की बायको चहाचं आधण ठेवते, म्हणजे ते दारात येईपर्यंत चहा तयार असतो. जव्हारहून मोखाड्याला मी रोज जीपने ऑफिसला जातो. कधी तात्या सोबत आले तर बसण्याआधी जीपला फेरी घालतात. ड्रायव्हर कावतो, “बसा ना तात्या पटकन! जीप हाय ही, इमान नाय!” तात्या शांतपणे म्हणतात, “म्हणून तर जास्त बघावं लागतं.” देवळात मात्र पंचाईत झाली. सवयीने ते मूर्ती डाव्या हाताला ठेवून निघाले आणि मूर्तीच्या मागे, प्रदक्षिणा घालणाऱ्या एका बाईंच्या पूजेच्या ताटावर आदळले. नारळ गडगडत गेला. “बाई, तुम्ही बोललाच नाहीत!” तात्यांनीच तक्रार केली. पुजारी म्हणाले, “तात्या, देवाला उलटं फिरत नाहीत.” तेव्हा कुठे ते ओशाळले, पण जाता जाता “मग तशी पाटी लावा” म्हणून आलेच.

आणि हा माणूस कुणाला कशाचीही परवानगी देत नाही. नाकारतही नाही. मी एकदा विचारलं, “तात्या, बदली घेऊ का?” उत्तर आलं, “वारा नैर्ऋत्येचा. पुढचं तुमचं तुम्ही बघा.” त्यांची नात मनू लहानपणी विचारायची, “आजोबा, खेळायला जाऊ?” की हे लगेच, “वारा पश्चिमेचा, अंगणात एक कुत्रं.” मनू कुत्र्याला वळसा घालून पळायची.

याच मनूला गेल्या वर्षी नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला. एकुलती एक मुलगी. साडूंचा जीव तिला सोडायला तयार नव्हता, पण नाही म्हणायचीही छाती होईना. म्हणून त्यांनी नामी युक्ती काढली. “तात्या हो म्हणाले तर जा.” तात्या जन्मात कुणाला हो म्हणाले नव्हते! मनूनं आठवडाभर विचार विचार विचारलं आणि आठवडाभर वाऱ्याची दिशा ऐकली. पोर रडून रडून सुजली. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता, हे कबूल करतो.

प्रवेशाची मुदत संपायच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्या ओटीवर चहा घेत होतो. मनू घराला डावीकडून फेरी मारून आली आणि पायरीशी उभी राहिली. “जव्हार ट्रॅफिक, मनू. अंगणात आहे. उद्या सकाळच्या एसटीनं नाशिकला निघतेय, नर्सिंगला. वाटेत कुणी असेल तर बोला. जव्हार ट्रॅफिक.”

तात्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग मुलाकडे.

“तात्या, तुम्ही हो म्हणालात का?” साडूंनी विचारलं.

“हो म्हणणारा मी कोण? तिनं विचारलेलं नाही, सांगितलंय. तू वाटेत आहेस का, तेवढं बोल.”

साडूंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “नाही. वाटेत नाही मी.”

“वारा पश्चिमेचा,” तात्या म्हणाले. “धावपट्टीवर कुणी दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एसटीलासुद्धा फेरी घातली. मनू गेली. आता संध्याकाळी, तिच्या शाळेतून येण्याच्या जुन्या वेळेला, तात्या ओटीवर बसून मोठ्यानं सांगतात, “वारा पश्चिमेचा. अंगणात कुणी नाही.” मी म्हटलं, “तात्या, ऐकतंय कोण?” म्हणाले, “ऐकणारा दिसत नाही म्हणून बोलायचं थांबत नाहीत.”

परवा मी तिकडे गेलो तो थेट दाराशी गेलोच नाही. डावीकडून घराला वळसा घातला आणि फाटकाशी येऊन ओरडलो, “अंगण ट्रॅफिक, मी आहे. चहाला येतोय. अंगण ट्रॅफिक.” तात्यांनी चष्मा पुसला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “वारा पश्चिमेचा,” म्हणाले. आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकलं, “या.”