आधी पाया, मग शनी

परवा शनीच्या देवळासमोर तिळाच्या तेलाचा वास आला आणि गोंदियातल्या एका कॉलेजच्या गच्चीवरची छोटी वेधशाळा आठवली. वीसेक वर्षं झाली असतील. तिथे लोकांसाठी आकाशदर्शनाचे वर्ग चालत. मी आईला जवळच्याच गोरेगाव या आमच्या गावाहून मुद्दाम नेलं होतं. मला साडेसाती आहे म्हणून तिने माझ्या लग्नाची जमत आलेली बोलणी थांबवली होती, आणि त्या संध्याकाळी दुर्बिणीतून शनीच दाखवणार होते.

रांगेतला प्रत्येक जण आधी दुर्बिणीला डोकं टेकवून पाया पडे. त्या धक्क्याने शनी निसटे. वर्ग घेणारे सर न चिडता तो पुन्हा शोधून देत. मला वाटलं, हे उगाच वेळ घालवतात. आईची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "माय, तू आधी पाया पडून घे, मंग मी लावून देतो."

आई पाया पडली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"कडं घातल्यावानी दिसते. किती दूर हाये हा?"

"तिथून निघालेला उजेड इथं पोचाले सव्वा तास लागते."

जिना उतरताना आई मध्येच थांबली. "येवढ्या दुरून तो तुह्या लग्नात कायले येईल रे?"

सरांनी लोकांना पाया पडू दिलं नसतं, तर आई दुर्बिणीला डोळा न लावताच परतली असती, हे मला आज कळतं.

शनिवारच्या तेलाचा नेम तिने अजून सोडलेला नाही. परवाही तिला हात धरून देवळात नेणारी सून तीच होती, जिची बोलणी तेव्हा थांबली होती.