डॅशबोर्डवरची टिकली

गाडीला नवी अलॉय चाकं बसवली आणि दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. टायरमधली हवा सांगणारे सेन्सर जुन्या चाकांतच राहिले होते. दिवा काही विझेना, तेव्हा बायकोची एक मोठी टिकली मी त्यावर चिकटवून टाकली.

परवा मुलगी नव्या नोकरीसाठी चिपळूणला निघाली, पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन. तिने नखाने टिकली काढली.

"बाबा, हे काय?"

"काही नाही गं, उगाच लागतो तो. हवा ठीक आहे."

"आणि घाटात खरंच कमी झाली तर मला कोण सांगणार? टिकली?"

ती तशीच जुनी चाकं घेऊन टायरवाल्याकडे गेली. जुने सेन्सर नव्या चाकांत बसवून घेतले, गाडीला त्यांची ओळख करून दिली आणि दिवा विझल्यावरच परत आली.

खरं सांगायचं तर आयुष्यभर मी हेच केलं. घरात काही खुपलं की त्यावर काहीतरी चिकटवायचं आणि ठीक आहे म्हणायचं. मुलीनेही हेच उचललं असेल, ही टोचणी मी कधी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

निघताना मी खिडकीशी वाकलो. "घाटातून एकटी जातेस, मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते, बाबा. म्हणून तर सगळं नीट करून घेतलं."

गाडी दिसेनाशी झाली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "निघाली का हो एकटीच?"

"हो," मी मोठ्यांदा म्हणालो, "आणि माझ्यासारखी अजिबात नाही!"