साहेबाचं विरजण

दुबईत तेव्हा एसी असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी होती, आणि त्यातल्या एका घरात एसी बियरला लावला होता. घराचे मालक स्वतः गच्चीवर ओली चादर पांघरून झोपायचे. मी त्या घरचा स्वयंपाकी. घामाने निथळत चुलीपुढे उभा राहायचो आणि शेजारच्या खोलीत ते बियरचं पिंप नवाबासारखं गारव्यात बसलेलं असायचं. मला त्या पिंपाचा खरोखर राग यायचा.

साहेब जर्मन, खाडीच्या धक्क्याच्या कामावरचे इंजिनियर. बव्हेरियातल्या ओबरफाल्झ नावाच्या मुलखातले. तिकडे गावाची मिळून एकच भट्टी असते म्हणे. ज्या घरांना जुना हक्क आहे, ती घरं पाळीपाळीने तिथे जवाचा काढा उकळतात, पिंपात भरून घरी आणतात आणि आपापल्या तळघरात आंबवतात. ज्याची बियर तयार होते तो दारावर खूण टांगतो आणि मग गाव त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसतं. काढा सगळ्यांचा एकाच भट्टीचा, पण चव दर घराची वेगळी, असं साहेब छातीवर हात ठेवून सांगायचे.

त्यांच्या घरचं यीस्ट त्यांच्या आईने बाटलीत घालून एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलं होतं. हिवाळ्यात आई गेली, मागे कोणी नव्हतं आणि घराच्या तळघराला कुलूप लागलं. तेव्हापासून साहेब फ्रिज उघडला की आधी ती बाटली बघायचे, मग लोणी.

मी मुसलमान, त्यामुळे बियर चाखायचा प्रश्नच नव्हता. म्हणून साहेबांनी मला ऐकायचं काम दिलं. पिंपाला कान लावायचा आणि आत बुडबुडे कसे वाजतात ते सांगायचं. कान लावणं म्हणजे पिणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली होती. मामूंची समजूत घालायच्या फंदात मात्र पडलो नाही.

मामू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. त्यांनीच मला रत्नागिरीहून इकडे आणलं. खाडीपलीकडे, देरा नावाच्या वस्तीत, आम्ही सगळे गाववाले एका खोलीत राहायचो आणि त्या खोलीत मामूंचा शब्द शेवटचा. साहेब पितात हे त्यांना ठाऊक होतं. "तो पितो ते त्याच्यापाशी. तू किचन सांभाळ," एवढंच ते म्हणाले होते.

त्या खोलीचं एकच दुःख होतं, सांदणं. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, साखर, आणि फुगून यायला थोडी माडी, म्हणजे नारळाची ताडी, घालून वाफवलेली सांदणं नसतील तर आमच्याकडे ईद झाल्यासारखी वाटत नाही. दुबईत माडी कुठली? आमची सांदणं अशी व्हायची की खिडकीतून टाकली असती तर खालचा माणूस जखमी झाला असता.

बियर झाली की पिंपाच्या तळाशी यीस्टचा जाड साका उरायचा. साहेब त्यातला बाटलीभर ठेवून उरलेला मला देऊन टाकायचे. एकदा मी तो सांदणांच्या पिठात घातला. झाकण उघडलं तर पीठ पातेल्याबाहेर आलेलं. सांदणं कापसासारखी झाली. मामूंनी पहिला घास घेतला आणि लगेच दुसरं सांदण उचललं. मग विचारलं, "यीस्ट कुठनं आणलंस?" साहेबांच्या आईने जर्मनीहून पाठवलंय, असं मी सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मामू म्हणाले, "नेक बाई असणार."

पुढे उरलेल्या साक्याची बरणी मामूंनीच ताब्यात घेतली. पाण्याच्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत ती पुरून ठेवायचे, रोज नमाजानंतर तिला चमचाभर पीठ-साखर भरवायचे आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

उन्हाळ्यात साहेब कामासाठी अबुधाबीला गेले आणि मागे वीज गेली. ते परत आले तेव्हा पिंपातल्या बियरचं व्हिनेगर झालं होतं आणि फ्रिजमधल्या बाटलीत काळं, घाण मारणारं पाणी उरलं होतं. एवढा धिप्पाड माणूस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडला. मला फार वाईट वाटलं. पिंपावरचा राग त्या दिवशी गेला तो गेलाच. ते म्हणाले, "गावी कोणाचं यीस्ट मेलं की तो चंबू घेऊन शेजाऱ्याकडे जातो. इथे मी कोणाकडे जाऊ?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आमच्या खोलीत आहे."

मी गुपचूप वाटीभर आणून दिलं असतं. पण साहेब ऐकेनात. यीस्ट मागायला ज्याने त्याने स्वतः जायचं, ही त्यांच्याकडची रीत. शुक्रवारी त्यांनी पांढरा शर्ट चढवला, टोपी घातली, चिनीमातीचा चंबू काखेत मारला आणि आम्ही अब्रा नावाच्या होडीत बसून खाडी ओलांडली. वाटेत मी येतील तेवढ्या दुआ पुटपुटत होतो.

मामूंनी पाहुण्याला चटईवर बसवलं, काहवा दिला, बशीत सांदणं वाढली. साहेबांनी एक खाल्लं, दुसरं नाकाशी धरलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मला म्हणाले, "यांना सांग, माझ्या घरचं बियरचं यीस्ट मेलं."

"मामू, साहेबांचं पावाचं यीस्ट मेलं," मी म्हणालो.

"त्याशिवाय आमच्या घरची बियर होत नाही."

"त्याशिवाय त्यांच्या घरचा पाव होत नाही."

मामूंनी कप खाली ठेवला. "मी अर्धी जिंदगी बोटीवर काढली. हॅम्बुर्गला पण उतरलोय. तिकडे बियर म्हणजे पाव कधीपासून झाला?"

खोलीत सगळ्यांच्या तोंडात सांदणं होती. गिळावं की थुंकावं, कोणालाच ठरवता येईना. मामू आता मला पहिल्या बोटीने रत्नागिरीला पाठवणार, याची मला खात्री झाली. साहेब तेवढे निवांत तिसरं सांदण खात होते.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"विचार करतायत."

"त्याला विचार," मामू म्हणाले, "आईकडून दुसरं का नाही मागवत?"

"आई गेली त्यांची. हिवाळ्यातच."

मामू त्या रिकाम्या चंबूकडे बघत राहिले. मग उठले, वाळूतून बरणी काढली, बिस्मिल्ला म्हणून अर्धी चंबूत ओतली. "गावाला माडी घालायचो तेव्हा उरलेली कोण पितो, हे कधी विचारलं आपण? तो काय बनवतो ते त्याच्यापाशी. विरजण मागायला आलेल्याला रिकाम्या भांड्याने पाठवत नाहीत." सगळ्यांनी एकदम घास गिळले.

साहेबांनी मामूंचा हात दोन्ही हातांत धरला, मग चंबू छातीशी घेऊन जिना उतरले. खोलीतला एकजण हळूच म्हणाला, "मामू, आता हे बाकीचं खलास करू ना? फेकून देतो."

"पागल हो गया क्या?" मामू बरणी पुन्हा वाळूत दाबत म्हणाले. "त्याचं परत मेलं तर तो कोणाकडे जाणार?"